दक्षिण आफ्रिकेचा अणुकार्यक्रम आणि त्या देशाचे राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुबॉम्ब स्वतः तयार करून नंतर तो स्वतःच पूर्णपणे मोडीत काढणारा देश जगात आजवर एकच झाला आहे. हे का आणि कसे घडले, याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत दिली तर दिशाभूल करणारी ठरतील.

एखाद्या देशाचा राजकीय इतिहास समजून घेण्यासाठी अणुकार्यक्रमाकडे का पाहावे?

अणुकार्यक्रम खर्चिक असतो, दशकानुदशके चालतो आणि त्याचे मोठे निर्णय सत्तेच्या अगदी आतल्या वर्तुळात होतात. त्यामुळे राज्यकर्त्यांना नेमकी कुणाची भीती वाटत होती, कुणावर विश्वास होता आणि स्वतःच्या जनतेपासून काय दडवावेसे वाटत होते, याची नोंद त्यात आपोआप होत जाते. दक्षिण आफ्रिकेत ही नोंद विलक्षण स्पष्ट दिसते. वर्णद्वेषी राजवटीची उभारणी, तिचे एकाकी पडणे, तिचा शेवट आणि त्यानंतरच्या लोकशाहीतील भ्रष्टाचार व न्यायालयीन लढाया या चारही टप्प्यांच्या खुणा तिथल्या अणुकार्यक्रमावर आहेत. युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूस यांनीही अण्वस्त्रे सोडली, परंतु ती त्यांना सोव्हिएत संघाच्या विघटनातून वारशाने मिळालेली होती. दक्षिण आफ्रिकेने ती आपल्या कारखान्यात घडवली होती.

कार्यक्रमाची सुरुवात कुठून झाली?

सोन्याच्या खाणींतून. जोहान्सबर्गच्या परिसरातील विटवॉटर्सरँड या खनिजपट्ट्यात सोन्याच्या दगडाबरोबर युरेनियमही सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि ब्रिटनला बॉम्बसाठी युरेनियम हवे होते आणि सोने काढून उरलेल्या चुऱ्यातून ते वेगळे करता येते हे लक्षात आल्यावर दक्षिण आफ्रिकेचे महत्त्व एकदम वाढले. १९४८ साली तिथे अणुऊर्जा कायदा झाला. त्याच वर्षी डी. एफ. मलान यांचा नॅशनल पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला आणि वर्णभेद हे शासनाचे अधिकृत धोरण बनले. दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हा योगायोगच, पण पुढची पंचेचाळीस वर्षे त्या एकमेकींचा हात धरून चालल्या.

१९५२ मध्ये क्रूगर्सडॉर्पजवळ युरेनियम काढण्याचा पहिला कारखाना सुरू झाला. भांडवल आणि हमखास गिऱ्हाईक या दोन्ही गोष्टी अमेरिका व ब्रिटन यांनी पुरवल्या. जमिनीखाली उतरणारे मजूर मात्र काळे होते. त्यांना मतदानाचा हक्क नव्हता आणि कामाच्या जागी राहण्यासाठीही परवाना बाळगावा लागत असे. पाश्चात्त्य देशांच्या अण्वस्त्रसाठ्याचा एक भाग या मजुरीवर उभा आहे, ही गोष्ट शीतयुद्धाच्या इतिहासात सहसा तळटिपेतच राहते.

अमेरिकेनेच दक्षिण आफ्रिकेला अणुतंत्रज्ञान दिले, हे खरे आहे का?

सुरुवातीचे तंत्रज्ञान दिले, हे खरे आहे. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या ‘शांततेसाठी अणू’ या योजनेखाली १९५७ साली दोन्ही देशांत सहकार्य करार झाला. त्यानुसार मिळालेली ‘सफारी-१’ ही २० मेगावॅट क्षमतेची संशोधन अणुभट्टी मार्च १९६५ मध्ये राजधानी प्रिटोरियाच्या पश्चिमेला पेलिंदाबा येथे कार्यान्वित झाली. तिचे अतिसमृद्ध युरेनियमचे (म्हणजे ज्यात सहज फुटणाऱ्या हलक्या अणूंचे प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेले असते अशा युरेनियमचे) इंधनही अमेरिकेतूनच येत असे आणि दक्षिण आफ्रिकेचे अनेक शास्त्रज्ञ अमेरिकेत शिकून आले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या स्थापनेपासून हा देश तिचा सदस्य होता. आफ्रिका खंडात अणुतंत्रज्ञानात सर्वांत पुढारलेला म्हणून संस्थेच्या संचालक मंडळावर त्याला जागाही होती.

बॉम्बमध्ये वापरलेले युरेनियम मात्र अमेरिकेने दिलेले नव्हते. ते कसे मिळवले, हे पुढे येते.

‘पेलिंदाबा’ या नावाचा अर्थ काय?

नाव स्थानिक बंटू भाषांतले आहे. ‘इंदाबा’ म्हणजे बैठक, चर्चा, बोलणे आणि ‘पेलिले’ म्हणजे संपले. ‘बोलणे संपले’ असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. हे नाव अणुकेंद्राच्या आधीपासूनचे आहे. शेजारी उभ्या राहिलेल्या युरेनियम समृद्ध करण्याच्या कारखान्याचे ‘वालिंदाबा’ हे नाव मात्र मुद्दाम जुळवलेले दिसते. त्याचा अर्थ जवळजवळ ‘याबद्दल बोलायचेच नाही’ असा होतो. गुप्त कारखान्याला असे नाव देणाऱ्या अधिकाऱ्याला विनोदबुद्धी होती की ती अजिबात नव्हती, हे ठरवणे कठीण आहे.

शांततामय कार्यक्रम शस्त्राकडे नेमका कधी वळला?

याला एकच तारीख नाही आणि ती नाही यातच या इतिहासाचा अर्थ आहे. वळण हळूहळू आले आणि प्रत्येक पायरीवर मागे फिरण्याची मुभा आहे असे निर्णय घेणाऱ्यांना वाटत राहिले.

जुलै १९७० मध्ये पंतप्रधान जॉन व्होर्स्टर यांनी संसदेत जाहीर केले की, दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी युरेनियम समृद्ध करण्याची स्वतःची पद्धत शोधली आहे. या पद्धतीत युरेनियमचे वायुरूप संयुग हायड्रोजनमध्ये मिसळून स्थिर नळीत अतिवेगाने भोवऱ्यासारखे फिरवले जाई आणि जड व हलके अणू थोडे थोडे वेगळे केले जात. तिला वीज प्रचंड लागे, पण कोळशाच्या या देशात विजेची टंचाई तेव्हा नव्हती. १९७१ साली खाण खात्याच्या मंत्र्यांनी ‘शांततामय अणुस्फोटां’च्या अभ्यासाला परवानगी दिली. कालवे खणणे, बंदरे बांधणे, खाणी फोडणे यांसाठी अणुस्फोट वापरता येतील ही कल्पना त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांच्याही संशोधनात होती, त्यामुळे तो शब्दप्रयोग तेव्हा आजच्याइतका पोकळ वाटत नसे.

१९७४ मध्ये भूगोलच बदलला. एप्रिलमध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन हुकूमशाही कोसळली आणि पुढच्याच वर्षी अंगोला व मोझांबिक स्वतंत्र झाले. तोपर्यंत या दोन वसाहती गोऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेवर उशीसारख्या होत्या. आता तिथे डाव्या विचारांची सरकारे आली, अंगोलात क्यूबाचे सैन्य उतरले आणि त्याला सोव्हिएत शस्त्रे मिळू लागली. जून १९७६ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत मोर्चा काढणाऱ्या शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि जगभर संतापाची लाट उसळली. नोव्हेंबर १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिकेवर सक्तीची शस्त्रबंदी लादली.

प्रिटोरियातून पाहिले तर चित्र असे होते: शेजारी शत्रू, घरात उठाव आणि पाश्चात्त्य मित्र हात झटकून मोकळे होण्याच्या बेतात. स्वतःच्या देशातील बहुसंख्य लोकांना शत्रू मानणाऱ्या राजवटीला सगळे जगच चाल करून येत आहे असे वाटावे, यात नवल नाही. १९७८ साली पंतप्रधान झालेले पी. डब्ल्यू. बोथा याला ‘सर्वंकष हल्ला’ म्हणत. त्यांच्याच काळात ‘शांततामय’ हे विशेषण गळून पडले आणि काम अणुऊर्जा मंडळाकडून आर्मस्कोर या सरकारी शस्त्रनिर्मिती कंपनीकडे गेले.

१९७७ मध्ये कलहारी वाळवंटात काय घडले?

अपिंग्टन या गावाच्या उत्तरेला वास्ट्रॅप नावाचा लष्करी सरावाचा प्रदेश आहे. तिथे जमिनीत दोन खोल विहिरी खणण्यात आल्या. एक २१६ मीटर खोल होती आणि दुसरी ३८५ मीटर. ऑगस्ट १९७७ मध्ये सोव्हिएत उपग्रहांच्या नजरेस ही हालचाल पडली. मॉस्कोने वॉशिंग्टनला कळवले, अमेरिकेने आपल्या उपग्रहाने खात्री करून घेतली आणि काही दिवसांतच प्रिटोरियावर अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ अशा सर्वांचा एकत्र दबाव आला. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही महासत्तांनी एका बाजूने बोलावे, असे फार थोड्या वेळा घडले. चाचणी घेणार नाही असे आश्वासन आपल्याला मिळाल्याचे अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच महिन्यात जाहीर केले आणि वास्ट्रॅपवरचा सरंजाम हलवण्यात आला.

गंमत अशी की, तेव्हा दक्षिण आफ्रिकेकडे बॉम्बला पुरेल इतके समृद्ध युरेनियमच नव्हते. वालिंदाबाच्या कारखान्यातून अतिसमृद्ध युरेनियम पहिल्यांदा बाहेर आले ते जानेवारी १९७८ मध्ये. विहिरीत उतरवले जाणार होते ते उपकरण अणुस्फोट न होणारे, केवळ यंत्रणा तपासण्यापुरते होते. पण पकडले गेल्यानंतर राजवटीने काढलेला निष्कर्ष उलटाच होता. पुढचे काम अधिक गुप्तपणे आणि कुणाच्याही मदतीवर अवलंबून न राहता करायचे, असे ठरले.

बॉम्ब किती होते आणि कसे होते?

सहा पूर्ण झाले होते आणि सातव्याचे काम चालू होते. रचना जाणूनबुजून साधी ठेवलेली होती. समृद्ध युरेनियमचा एक तुकडा तोफेच्या नळीतून गोळ्यासारखा दुसऱ्या तुकड्यावर डागायचा आणि दोन्ही एकत्र येताच साखळी प्रक्रिया सुरू व्हायची. हिरोशिमावरील बॉम्बही याच जातीचा होता. या रचनेला प्रत्यक्ष चाचणीची फारशी गरज नसते आणि चाचणीची वाट तर बंद झालेलीच होती. एकेका बॉम्बमध्ये सुमारे ५५ किलो अतिसमृद्ध युरेनियम असे, लांबी सुमारे १.८ मीटर आणि वजन जवळपास एक टन. तो विमानातून टाकायचा होता. प्रिटोरियाबाहेरच्या आर्मस्कोरच्या इमारतीत प्रत्येक बॉम्बचे पुढचे आणि मागचे भाग वेगवेगळ्या तिजोऱ्यांत ठेवले जात, म्हणजे एकाच व्यक्तीच्या हातात संपूर्ण शस्त्र कधीच येऊ नये.

ते वापरायचे तरी कुणावर?

हा प्रश्न बहुतेक वाचकांना पडतो आणि तो रास्त आहे. सोवेटोतील मोर्चावर अणुबॉम्ब टाकता येत नाही आणि जंगलातून येणाऱ्या गनिमांवरही नाही. बोथा सरकारची लेखी नीती तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर, बॉम्ब असल्याचे मान्यही करायचे नाही आणि नाकारायचेही नाही. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे सोव्हिएत किंवा क्यूबाच्या सैन्याचा धोका खरोखर दारात आला तर, अमेरिकेसारख्या निवडक सरकारांना कानात सांगायचे. त्यानेही काही साधले नाही तर तिसऱ्या पायरीवर उघड घोषणा किंवा भूमिगत चाचणी करायची.

बॉम्बचे खरे लक्ष्य वॉशिंग्टन होते, असे मला या नीतीवरून वाटते. ‘आम्हाला वाऱ्यावर सोडलेत तर आमच्या हातून काय होईल ते पाहा,’ असे पूर्वीच्या मित्राला सांगण्याचे ते साधन होते. शत्रूला घाबरवण्यापेक्षा मित्राला बांधून ठेवण्यासाठी बनवलेले असे हे शस्त्र होते. पहिल्या पायरीच्या पुढे नीती कधी गेली नाही. अंगोलातील युद्ध पेटलेले असताना १९८७ च्या सुमारास वास्ट्रॅपच्या एका विहिरीवर मोठी पत्र्याची शेड उभारून आतले पाणी उपसण्यात आले. उपग्रहांपासून लपण्यासाठी उभारलेली ती शेड उपग्रहांना दिसावी हाही एक हेतू असावा, असे मानायला जागा आहे.

२२ सप्टेंबर १९७९ चा लखलखाट दक्षिण आफ्रिकेच्या चाचणीचा होता का?

त्या दिवशी अमेरिकेच्या वेला उपग्रहाने दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागर यांच्या सीमेवर, प्रिन्स एडवर्ड बेटांच्या बाजूला, अणुस्फोटासारखा दुहेरी प्रकाश टिपला. अमेरिकी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने तो बहुधा अणुस्फोट नसावा असे म्हटले. अनेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि इस्रायलने एकट्याने किंवा दक्षिण आफ्रिकेच्या साहाय्याने केलेली ती चाचणी असावी असे मत आजही मांडले जाते. वाद मिटलेला नाही.

भारताचा आणि महाराष्ट्राचा या इतिहासाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दोन अंगांनी आहे.

पहिले अंग विरोधाचे. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत नेला आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. जून १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या संचालक मंडळावरील दक्षिण आफ्रिकेची जागा काढून इजिप्तला देण्यात आली. डिसेंबर १९७९ मध्ये संस्थेची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली असता दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधींची अधिकारपत्रेच फेटाळण्यात आली. ज्या संस्थेचा तो देश संस्थापक सदस्य होता, तिच्या सभागृहाचे दार त्याला दिल्लीत बंद झाले. या काळात परदेशात राहून दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी व अणुसहकार्याविरुद्ध जागतिक मोहीम चालवणारे अब्दुल मिंटी हे भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी होते. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर तेच दक्षिण आफ्रिकेचे निःशस्त्रीकरणविषयक प्रमुख मुत्सद्दी झाले आणि २००९ मध्ये अणुऊर्जा संस्थेच्या महासंचालकपदाच्या निवडणुकीत उमेदवार होते.

दुसरे अंग अवघड साम्याचे. भारतही अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या बाहेर होता आणि मे १९७४ च्या पोखरण चाचणीलाही ‘शांततामय अणुस्फोट’ असेच म्हटले गेले होते. त्यानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये केलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी कायद्याचा फटका तारापूरला बसला, हे महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. अमेरिकेने इंधन थांबवले आणि पुढे फ्रान्सने ते दिले. त्याच कायद्याने केपटाउनजवळ बांधल्या जाणाऱ्या कूबर्ग अणुवीज प्रकल्पाचेही अमेरिकी इंधन अडले आणि तिथल्या वीज कंपनीला दलालांमार्फत युरोपातून समृद्ध युरेनियम मिळवावे लागले. कूबर्गच्या दोन्ही अणुभट्ट्या फ्रान्सच्याच होत्या. वर्णद्वेषाचा सर्वांत जुना विरोधक आणि वर्णद्वेषी राजवट एकाच कायद्याच्या कचाट्यात सापडले आणि दोघांनीही वाट काढली ती युरोपातूनच.

मुक्तिसंग्रामातील लोकांना या कार्यक्रमाची माहिती होती का? त्यांनी काही केले का?

बॉम्बची नेमकी संख्या त्यांना माहीत नव्हती, पण संशय पक्का होता आणि त्यांचे लक्ष कूबर्गवर होते. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेच्या ‘उमखोंतो वे सिझ्वे’ या सशस्त्र शाखेने डिसेंबर १९८२ मध्ये बांधकाम चालू असलेल्या त्या प्रकल्पात चार स्फोट घडवले. ते काम रॉडनी विल्किन्सन या गोऱ्या तरुणाने केले. तलवारबाजीत तो एके काळी राष्ट्रीय विजेता होता आणि कूबर्गमध्येच कंत्राटदाराकडे नोकरीला असल्यामुळे त्याला आतल्या वाटा माहीत होत्या. त्याने आधी नकाशे बाहेर आणले आणि ते घेऊन तो संघटनेकडे गेला. अखेर सुरुंगही त्यालाच एक एक करून आत न्यावे लागले. अणुभट्टीत किरणोत्सार सुरू होण्यापूर्वी आणि आठवड्याच्या शेवटी, माणसे कमी असताना स्फोट व्हावेत अशी वेळ साधलेली होती. कुणीही दगावले नाही. प्रकल्पाला मात्र दीड वर्षाच्या आसपास उशीर झाला आणि १९८४-८५ मध्ये तो चालू झाला. राजवटीचा अभिमान असलेली वास्तू आतूनच फोडली गेली, तीही गोऱ्या माणसाच्या हातून, हा घाव बांधकामाच्या नुकसानापेक्षा खोल होता.

बॉम्ब मोडीत काढण्याचा निर्णय कुणी आणि का घेतला?

एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी, सप्टेंबर १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर काही महिन्यांतच. ते पूर्वी खनिज व ऊर्जा खात्याचे मंत्री राहिलेले असल्यामुळे कार्यक्रम त्यांना नवा नव्हता. कार्यक्रम थांबवण्याचा लेखी आदेश २६ फेब्रुवारी १९९० चा आहे. त्याआधी ११ फेब्रुवारीला नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर आले होते.

कारणांविषयी तीन मते ऐकू येतात. पहिले, खुद्द डी क्लर्क यांनी मांडलेले, असे की धोकाच उरला नव्हता. डिसेंबर १९८८ च्या करारानुसार क्यूबाचे सैन्य अंगोलातून परत जाऊ लागले होते, दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असलेला नामिबिया मार्च १९९० मध्ये स्वतंत्र झाला आणि बर्लिनची भिंत पडली होती. हे खरेच आहे. दुसरे मत असे की निर्बंधांनी अर्थव्यवस्था पिचली होती आणि जगात परतण्याची किंमत म्हणून बॉम्ब देणे परवडण्यासारखे होते. हेही खरे आहे.

तिसरे मत सभ्य भाषेत दबक्या आवाजात सांगितले जाते. सत्ता काळ्या बहुसंख्याकांकडे जाणार हे दिसू लागल्यावर बॉम्ब त्यांच्या हाती पडू नये, असे गोऱ्या राज्यकर्त्यांना आणि पाश्चात्त्य सरकारांना वाटत होते. डी क्लर्क यांनी हा हेतू नाकारला. माझ्या मते नकार पूर्णपणे पटण्यासारखा नाही, कारण घाई डोळ्यांत भरते. संविधानावरची बोलणी सुरू होण्याआधीच सगळे आवरले गेले आणि ज्यांच्याशी बोलणी व्हायची होती त्यांना याचा पत्ताही नव्हता. तरीही हेतू काहीही असला तरी कृती मोठी होती, हे मान्य करावे लागते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनेही सत्तेवर आल्यावर ती उलटवण्याचा विचार केला नाही.

मोडणी कशी झाली आणि ती खरी आहे हे जगाने कसे तपासले?

बॉम्ब एकेक करून उकलण्यात आले, युरेनियम वितळवून पेलिंदाबाच्या साठ्यात ठेवले गेले आणि रेखाचित्रे व तांत्रिक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. देखरेखीसाठी एका निवृत्त प्राध्यापकांना स्वतंत्र लेखापरीक्षक नेमले होते. जुलै १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली. पण आपल्याकडे बॉम्ब होते हे तेव्हाही सांगितले नाही. ते २४ मार्च १९९३ रोजी डी क्लर्क यांनी संसदेत जाहीर केले.

त्यानंतर अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांचे काम अवघड झाले. जे आता अस्तित्वातच नाही, ते किती होते हे सिद्ध करायचे होते. वालिंदाबाच्या कारखान्यातील रोजच्या नोंदवह्या त्यांना मिळाल्या. कोणत्या दिवशी किती युरेनियम आत गेले, किती वीज खर्च झाली, किती माल बाहेर पडला, याचा वर्षानुवर्षांचा जमाखर्च त्यांनी नव्याने मांडला. बँकेचा तपासनीस जुन्या खातेवह्या चाळतो, तसाच हा प्रकार होता. वास्ट्रॅपच्या दोन्ही विहिरी त्यांच्या देखत बुजवण्यात आल्या. हिशेब जुळला.

१९९४ नंतर अणुकार्यक्रमाचे राजकारण संपले का?

बॉम्बचे संपले, विजेचे नव्याने सुरू झाले. मंडेला सरकारने निःशस्त्रीकरण ही देशाची ओळख बनवली. आफ्रिका खंड अण्वस्त्रमुक्त ठेवण्याच्या करारावर एप्रिल १९९६ मध्ये कैरोत सह्या झाल्या आणि त्याला नाव मिळाले ‘पेलिंदाबा करार’. ‘बोलणे संपले’ हे नाव अशा रीतीने दीर्घ बोलणीतून साकारलेल्या कागदाला चिकटले.

घरात मात्र वीज कमी पडू लागली. ‘लोडशेडिंग’ हा शब्द आपल्याइतकाच तिथेही घरोघरी रुळलेला आहे आणि २००७-०८ पासून त्याने तिथली सरकारे हादरवली आहेत. लहान आकाराची स्वदेशी अणुभट्टी विकसित करण्याचा प्रकल्प ९ अब्ज रँडहून अधिक खर्च करून २०१० मध्ये गुंडाळण्यात आला. मग अध्यक्ष जेकब झुमा यांच्या काळात ९,६०० मेगावॅट क्षमतेच्या नव्या अणुभट्ट्यांची योजना पुढे आली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये रशियाशी करार झाला. हा खर्च देशाला झेपणार नाही असे म्हणणारे अर्थमंत्री न्लान्ला नेने यांना डिसेंबर २०१५ मध्ये पदावरून काढण्यात आले. रशियाच्या प्रकल्पासाठी हमीपत्रावर सही नाकारल्यामुळे आपल्याला काढले, असे त्यांनी २०१८ मध्ये चौकशी आयोगासमोर शपथेवर सांगितले.

प्रकल्प अडवला तो दोन लहान पर्यावरणवादी संघटनांनी. एप्रिल २०१७ मध्ये केपटाउनच्या उच्च न्यायालयाने रशियाशी केलेला करार आणि वीज खरेदीची प्रक्रिया बेकायदा ठरवली, कारण संसदेपुढे आणि लोकांपुढे ती योग्य रीतीने मांडली गेलीच नव्हती. या खटल्याचे नेतृत्व करणाऱ्या मकोमा लेकलाकाला आणि लिझ मॅकडेड या दोन महिलांना पुढच्या वर्षी गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. व्होर्स्टर यांनी १९७४ मध्ये अणुस्फोटाला मंजुरी दिली तेव्हा ती कुणी न्यायालयात नेऊ शकत नव्हते, कारण ती झाल्याचे कुणाला माहीतच नव्हते. कोणत्याही लांबलचक युक्तिवादापेक्षा हा एक फरक राजवट बदलल्याचे अधिक नेमके सांगतो.

ज्या मजुरांनी युरेनियम काढले त्यांचे पुढे काय झाले?

त्यांच्या वाट्याला कचरा आला. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खाणींनी मागे ठेवलेले पिवळसर मातीचे डोंगर आजही उभे आहेत. त्यांत युरेनियमचे अंश आहेत आणि कोरड्या दिवसांत वाऱ्याबरोबर ती धूळ वस्त्यांवर येते. क्रूगर्सडॉर्पजवळची ट्यूडर शाफ्ट ही झोपडवस्ती अशाच किरणोत्सारी गाळाच्या ढिगावर वसलेली होती. पहिला युरेनियम कारखाना याच गावाजवळ निघाला होता, हे वर आलेच आहे.

आज पेलिंदाबात काय आहे?

सफारी-१ अजून तिथेच आहे. २००९ पर्यंत ती कमी समृद्ध युरेनियमच्या इंधनावर आणली गेली आणि कर्करोग व हृदयरोगाच्या तपासणीसाठी लागणारे मॉलिब्डेनम-९९ हे समस्थानिक तयार करणाऱ्या जगातील मोजक्या केंद्रांत तिची गणना होते. कूबर्गच्या पहिल्या अणुभट्टीला जुलै २०२४ मध्ये आणखी वीस वर्षे चालण्याचा परवाना मिळाला.

बॉम्बमधून काढलेल्या युरेनियमचा बराचसा भागही पेलिंदाबातच आहे. आंतरराष्ट्रीय निरीक्षणाखाली ठेवलेला हा साठा सुमारे २२० किलो असल्याचे सांगितले जाते. नोव्हेंबर २००७ मध्ये सशस्त्र टोळी कुंपणाची वीज तोडून थेट तातडीच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचली आणि तिने एका कर्मचाऱ्यावर गोळी झाडली. त्यानंतर अमेरिकेचा आग्रह वाढला. हा साठा सौम्य करा किंवा आमच्याकडे द्या, असे बराक ओबामा यांच्या सरकारने वारंवार सुचवले. दक्षिण आफ्रिकेने नकार दिला. ज्यांच्याकडे हजारो बॉम्ब आहेत त्यांनी आम्हाला आमच्याच खाणीतल्या धातूविषयी अटी घालू नयेत, असा त्या नकाराचा आशय होता.